दहशतवाद्याचा फोन, आपला फोन आणि एकच कुलूप

प्रश्न थोडक्यात असा आहे. कुठे घातपाताची बातमी आली की घरात वाद सुरू होतो. काका म्हणतात, दहशतवादी एन्क्रिप्टेड, म्हणजे मजकूर कुलूपबंद करून पाठवणाऱ्या ॲपवर बोलतात, तेव्हा कंपन्यांनी सरकारकडे एक चावी देऊन ठेवावी. आपल्याकडे लपवण्यासारखं आहे तरी काय? मेव्हणा म्हणतो, फोन सगळं ऐकतोच, चावी दिली काय नि न दिली काय, फरक शून्य. विचारणाऱ्या ताईंना दोघांचंही पटत नाही, पण चूक नेमकी कुठे आहे ते सांगता येत नाही.

ताई, मी वीसेक वर्षं संगणक सुरक्षेच्या कामात आहे. सुरुवातीची काही वर्षं जप्त केलेल्या फोनमधून आणि हार्ड डिस्कमधून पुरावा काढण्यात गेली, नंतरची लोकांच्या यंत्रणा सुरक्षित करण्यात. म्हणजे आधी कुलपं उघडत होतो, मग बसवायला लागलो. म्हणून काकांचं म्हणणं मी हसण्यावारी नेणार नाही. टेबलावर फोन पडलेला असतो, त्यात काहीतरी आहे याची जवळजवळ खात्री असते, तपास अधिकारी दर तासाला येऊन विचारतो, आणि फोन उघडत नाही. त्या खोलीत उभं राहिलं की ‘एक चावी असती तर’ हे वाक्य आपोआप तोंडात येतं. माझ्याही आलं होतं. ते मत मी पुढे बदललं. कशामुळे बदललं, ते सांगतो.

आधी कुलूप म्हणजे काय ते बघू, कारण घरोघरच्या वादातला बराचसा गोंधळ तिथेच आहे.

२ डिसेंबर २०१५ रोजी कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनोमध्ये एका जोडप्याने गोळीबार करून १४ जणांचा जीव घेतला. दोघंही त्याच दिवशी पोलिसांच्या गोळ्यांनी मेले. स्वतःचे फोन त्यांनी आधीच फोडून टाकले होते. हाती लागला तो नवऱ्याला नोकरीत मिळालेला आयफोन ५सी. त्याला चार आकडी पासकोड होता. चार आकड्यांचे दहा हजार पर्याय होतात, आणि ॲपलच्या रचनेत एक पर्याय तपासायला सुमारे ८० मिलिसेकंद लागतात. यंत्राने ओळीने सगळे घातले तर साधारण तेरा मिनिटांचं काम. मग अडलं कुठे? चुका वाढल्या की फोन पुढच्या प्रयत्नाआधी थांबायला लावतो, आणि मालकाने तशी सोय चालू केलेली असेल तर दहाव्या चुकीला आतली किल्ली पुसून टाकतो. किल्ली गेली की माहिती जागच्या जागी असूनही कोणालाच वाचता येत नाही, ॲपललासुद्धा नाही.

एफबीआय या अमेरिकी केंद्रीय तपास संस्थेने १६ फेब्रुवारी २०१६ रोजी न्यायालयाचा आदेश मिळवला. या दोन अडचणी काढून टाकणारी खास प्रणाली (फोन चालवणारं सॉफ्टवेअर) ॲपलने लिहावी आणि आपल्या सहीनिशी त्या फोनवर चढवावी, असं त्यात होतं. यातला सही हा शब्द सोडू नका. आयफोन फक्त ॲपलची डिजिटल सही असलेलीच प्रणाली स्वीकारतो. तुमच्या फोनवर येणारं अपडेट खरं आहे, कोणा भामट्याचं नाही, हे फोनला कळतं ते याच सहीवरून. ॲपलने नकार दिला. जगभर वाद पेटला, आणि २८ मार्चला एफबीआयने स्वतःच अर्ज मागे घेतला, कारण बाहेरच्या कोणाकडून तरी फोन उघडून मिळाला होता.

घरच्या वादात पुढच्या दोन गोष्टी कधीच येत नाहीत. पहिली म्हणजे, तो फोन ओळखीच्या वायफायजवळ नेला असता तर त्याने स्वतःहून बॅकअप पाठवला असता आणि तो ॲपलकडून मागता आला असता, अशी एक वाट होती. पण हल्ल्यानंतर लगेच, एफबीआयच्याच सांगण्यावरून, त्या फोनच्या ऑनलाइन बॅकअप खात्याचा पासवर्ड बदलला गेला आणि ती वाट बंद झाली. ही चूक झाली, असं एफबीआयच्या संचालकांनी पुढे अमेरिकी संसदेच्या समितीसमोर मान्य केलं. दुसरी गोष्ट २०१८ मध्ये न्याय खात्याच्या महानिरीक्षकांच्या अहवालातून बाहेर आली. ‘ॲपलशिवाय मार्ग नाही’ असं न्यायालयात सांगितलं जात असताना एफबीआयच्या आतल्याच सगळ्या तज्ज्ञांना वेळेवर विचारलेलं नव्हतं. त्याच वर्षी मे महिन्यात आणखी एक कबुली आली. उघडता न आलेल्या फोनचा जवळपास ७,८०० हा जो आकडा संस्था वर्षभर सांगत होती, तो मोजणीतल्या चुकीमुळे खूप फुगलेला होता. हे मी तपास अधिकाऱ्यांना कमी लेखायला सांगत नाही. घाईत, दडपणाखाली अशाच चुका होतात, माझ्या हातूनही झाल्या आहेत. पण ‘चावी नाही म्हणून तपास अडला’ हे वाक्य ऐकलं की इतर कोणत्या वाटा बघितल्या, हे विचारायला आपण शिकलं पाहिजे.

तुम्ही म्हणाल, एका फोनपुरतं करून दिलं असतं तर काय बिघडलं असतं? न्यायालयाचा आदेश आला त्याच महिन्यात, फेब्रुवारी २०१६ मध्ये, न्यूयॉर्कमधल्या मॅनहॅटनच्या जिल्हा सरकारी वकिलांनी सांगितलं की त्यांच्याकडे असे सुमारे १७५ फोन पडून आहेत. ते सगळे काही दहशतवादाचे नव्हते. एकदा हत्यार तयार झालं की ते त्या एका फोनपुरतं राहत नाही, कारण पुढचा गुन्हाही कोणाच्या तरी दुःखाचाच असतो आणि त्याला नाही कसं म्हणणार? ते सरकारी वकील प्रामाणिक होते, अडचण त्यांच्या हेतूत नव्हतीच.

काकांच्या प्रस्तावाचं खरं दुखणं चावी कोणाकडे राहील यात आहे, आणि यावर मला अंदाज बांधावा लागत नाही. ते घडून गेलेलं आहे.

ग्रीसमध्ये २००४-०५ साली पंतप्रधान कोस्तास करामानलिस, त्यांच्या पत्नी, मंत्री, अथेन्सचे महापौर अशा शंभराहून अधिक जणांचे मोबाइल कित्येक महिने कोणीतरी ऐकत होतं. तो काळ अथेन्स ऑलिम्पिकच्या आगेमागेचा. ऐकणाऱ्यांनी फोन फोडले नाहीत. व्होडाफोनच्या जाळ्यातल्या एरिक्सन बनावटीच्या एक्स्चेंजमध्ये कायदेशीर टॅपिंगसाठी लिहिलेली सोय आधीपासून बसलेली होती. घुसखोरांनी तीच सोय गुपचूप जागी केली आणि संभाषणाची प्रत आपल्या फोनकडे वळवून घेतली. पोलिसांसाठी केलेला दरवाजा होता, आणि त्यातून पहिले कोण आत शिरले तर हे.

दुसरं उदाहरण याहून मोठं. अमेरिकेत १९९४ साली कायदा झाला की दूरसंचार कंपन्यांनी आपल्या जाळ्यात सरकारी टॅपिंगची सोय ठेवलीच पाहिजे. तीस वर्षांनी, २०२४ मध्ये उघड झालं की चीनशी संबंधित मानल्या जाणाऱ्या ‘सॉल्ट टायफून’ नावाच्या हॅकर गटाने तिथल्या बड्या दूरसंचार कंपन्यांमध्ये घर केलं होतं आणि त्यांचे हात याच टॅपिंगच्या यंत्रणेपर्यंत पोहोचले होते. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकी सायबर सुरक्षा संस्थेच्या आणि एफबीआयच्या अधिकाऱ्यांनी नागरिकांना काय सल्ला दिला असेल? बोलणं आणि संदेश एन्क्रिप्टेड ठेवा. ज्या एफबीआयने दहा वर्षं एन्क्रिप्शनमुळे आमचे डोळे बंद होतात असं सांगितलं, तिच्यावरच ही वेळ आली. ती बातमी वाचताना मला अजिबात आनंद झाला नाही. तीस वर्षांपूर्वी सद्हेतूने केलेली सोयच घुसखोरांच्या हाती लागली होती.

तिसरं उदाहरण पटकन सांगतो. अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेने विंडोजमधली एक फट शोधून तिचं हत्यार केलं आणि मायक्रोसॉफ्टला न सांगता स्वतःजवळ ठेवलं. ते चोरीला गेलं आणि एप्रिल २०१७ मध्ये इंटरनेटवर सगळ्यांसाठी मांडलं गेलं. १२ मे रोजी त्याच हत्यारावर स्वार होऊन ‘वॉनाक्राय’ हा फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस सुटला. दीडशे देशांत दोन लाखांहून अधिक संगणक बंद पडले, ब्रिटनमध्ये रुग्णालयांना रुग्ण परत पाठवावे लागले. फट बुजवणारं अपडेट मार्चमध्येच आलेलं होतं. ज्यांनी ते घातलं ते वाचले. जगातल्या सर्वांत गुप्त संस्थांपैकी एकीला स्वतःची हत्यारं सांभाळता आली नाहीत. मग शेकडो कोटी फोनची चावी कोणत्या तिजोरीत ठेवायची, हे मला आजवर कोणीही समजावून सांगू शकलेलं नाही.

आता यातली काकांच्या बाजूची गोष्ट, कारण ती खरी आहे. कुलपाची किंमत असते आणि कधी कधी ती माणसांच्या जिवाने मोजावी लागते. यासाठी मला फोनपेक्षा विमानाचं उदाहरण जवळचं वाटतं. ११ सप्टेंबर २००१च्या हल्ल्यांनंतर विमानतळांवर पुष्कळ काही बदललं. बूट काढायला लावणं आलं ते डिसेंबर २००१ मध्ये एका माणसाने बुटात लपवलेल्या स्फोटकांनी विमान उडवण्याचा प्रयत्न केला म्हणून. द्रवपदार्थांवरची बंदी आली ती ऑगस्ट २००६ मध्ये उघडकीला आलेल्या कटामुळे. अमेरिकेने बुटांचा नियम अखेर जुलै २०२५ मध्ये काढून टाकला. या सगळ्यात प्रवाशांच्या नजरेत न भरलेला एक बदल होता, आणि माझ्या मते सर्वांत मोलाचा तोच: वैमानिकांच्या कक्षाचं दार मजबूत झालं आणि आतून बंद राहू लागलं. विमान ताब्यात घेऊन ते अस्त्रासारखं वापरण्याचा मार्ग त्या एका दाराने फार अवघड केला.

आणि मग २४ मार्च २०१५ उजाडला. जर्मनविंग्जचं विमान बार्सिलोनाहून ड्यूसेलडॉर्फला निघालं होतं. मुख्य वैमानिक कक्षाबाहेर गेला, सहवैमानिकाने आतून दार लावून घेतलं आणि विमान आल्प्समध्ये डोंगरावर नेऊन आदळलं. १५० जण गेले. बाहेरून उघडण्याचा आणीबाणीचा कोड त्या दारालाही होता. पण आतला माणूस तो नाकारू शकत होता, आणि तशी रचना मुद्दाम केलेली होती, कारण अपहरणकर्ते कर्मचाऱ्याच्या मानेला सुरी लावून कोड वदवून घेऊ शकतात. वैमानिक दाराशी उभा राहून ते फोडायचा प्रयत्न करत होता. ही हकिगत आठवली की आजही माझा घसा दाटून येतो.

त्यानंतर दार पुन्हा कमकुवत करा, असं जगाने ठरवलं नाही. युरोपच्या विमान सुरक्षा संस्थेने सुचवलं ते असं, की कक्षात नेहमी दोन माणसं असावीत. वैमानिकांच्या मानसिक आरोग्याकडे लक्ष द्यायची चर्चा गंभीरपणे सुरू झाली. म्हणजे दार तसंच ठेवून आतल्या माणसाकडे बघायचं ठरलं. फोनच्या बाबतीत मी हेच मागतो. कुलूप सगळ्यांचं भक्कम राहू द्या, आणि ज्याच्यावर संशय आहे त्याच्याकडे पुरेसं, वेळेवर, न्यायालयाच्या परवानगीने बघा.

तसं बघता येतं का? येतं. एन्क्रोचॅट नावाचे गुन्हेगारांत चालणारे फोन फ्रेंच आणि डच पोलिसांनी २०२० मध्ये भेदले. एफबीआयने तर ‘ॲनम’ नावाचा एन्क्रिप्टेड फोन स्वतःच गुन्हेगारी टोळ्यांच्या हाती पडू दिला. सुमारे १२ हजार फोन वापरात आले आणि जून २०२१ मध्ये जगभर आठशेवर लोकांना अटक झाली. या मोहिमांवरही कायदेशीर वाद झाले आणि ते व्हायलाच हवेत, पण त्यासाठी तुमच्या-माझ्या फोनचं कुलूप ढिलं करावं लागलं नाही.

बरं, चावी दिली तर निदान दहशतवादी तरी सापडतील का? १३ नोव्हेंबर २०१५ला पॅरिसमध्ये १३० जण मारले गेले. दोन दिवसांत जगभर बातमी फिरली की हल्लेखोर प्लेस्टेशन ४ या खेळाच्या यंत्रावरून बोलत होते. मूळ गोष्ट अशी की बेल्जियमच्या गृहमंत्र्यांनी हल्ल्याच्या काही दिवस आधी, वेगळ्याच संदर्भात, प्लेस्टेशनवरच्या संभाषणावर लक्ष ठेवणं अवघड आहे असं म्हटलं होतं. ते वाक्य आणि हल्ला लोकांनी एकत्र शिवून टाकला. प्रत्यक्षात हल्ला झालेल्या बाताक्लां नाट्यगृहाजवळच्या कचरापेटीत एक फोन सापडला. त्यावरून गेलेला शेवटचा संदेश ‘निघालो, सुरू करतो’ अशा अर्थाचा होता, आणि तो साधा, एन्क्रिप्शन नसलेला एसएमएस होता. फोन वापरायचे आणि फेकून द्यायचे, हा त्यांचा खरा मार्ग. उलट ज्यांना एन्क्रिप्शन हवंच आहे त्यांना आपल्या ॲपची गरज नाही. अल-कायदाशी संबंधित लोकांनी २००७ मध्येच स्वतःचा एन्क्रिप्शन प्रोग्राम वाटायला सुरुवात केली होती. त्यामागचं गणित कोणाच्या मालकीचं नाही, ते पाठ्यपुस्तकांत छापलेलं आहे. ॲपमध्ये चावी बसवली तर ते दुसरीकडे जातील आणि चावी लागलेल्या ॲपवर राहतील ते काका.

दहशतवादी मेसेजिंग ॲप वापरतच नाहीत, असं मात्र मी म्हणणार नाही. जुलै २०१६ मध्ये फ्रान्समध्ये एका वृद्ध धर्मगुरूंची चर्चमध्येच हत्या झाली, तेव्हा मारेकरी टेलिग्रामवरून सूत्रधाराच्या संपर्कात होते. (टेलिग्रामवरचं नेहमीचं चॅट एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड, म्हणजे फक्त बोलणाऱ्या दोघांनाच वाचता येईल असं, नसतं; ती सोय वेगळी चालू करावी लागते, लोक हे सहसा लक्षात घेत नाहीत.) एखादा कट कुलपाआड शिजेल आणि आपल्याला कळणार नाही, ही शक्यता शून्य कधीच होणार नाही.

पण जुने तपशील उघडून बघितले की जे दिसतं ते माझी झोप जास्त उडवतं. डिसेंबर २००९ मध्ये डेट्रॉइटला जाणाऱ्या विमानात अंतर्वस्त्रात स्फोटकं घेऊन बसलेल्या तरुणाबद्दल त्याच्या स्वतःच्या वडिलांनी महिनाभर आधी अमेरिकी दूतावासात जाऊन सावध केलं होतं. एका बापाने किती जड पावलांनी ती पायरी चढली असेल! तरी तो मुलगा विमानात बसलाच. स्फोटकं नीट पेटली नाहीत आणि सहप्रवाशांनी झडप घातली म्हणून सगळे वाचले. एप्रिल २०१३ मध्ये बोस्टन मॅरेथॉनमध्ये स्फोट घडवणाऱ्या दोन भावांपैकी थोरल्याची रशियाच्या सूचनेवरून एफबीआयने २०११ मध्येच चौकशी केली होती. २००१च्या अपहरणकर्त्यांपैकी दोघांची नावं सीआयएला माहीत होती, ती एफबीआयपर्यंत वेळेत गेली नाहीत. या तिन्ही वेळा माहिती कुठल्यातरी टेबलावर होती, तिला जोडणारा माणूस नव्हता. ज्याला आधीच सुया सापडत नाहीत त्याला आणखी गवत आणून देऊन काय होणार?

गवताचं गणित काकांसमोर कागदावर मांडा, ते अनेकांना पटतं. समजा दहा कोटी लोकांचे संदेश वाचणारं यंत्र आहे आणि त्यांत खरोखर कट करणारे शंभर जण आहेत. यंत्र ९९ टक्के अचूक आहे, म्हणजे फारच चांगलं. ते शंभरातले ९९ पकडेल. आणि उरलेल्या निरपराध लोकांतल्या एक टक्क्यावर, म्हणजे जवळजवळ दहा लाख माणसांवर, चुकून बोट ठेवेल. दर दहा हजार संशयितांमागे खरा एक. एका अधिकाऱ्याने दिवसाला दहा जणांची शहानिशा केली तरी एक लाख दिवस लागतील, आणि तेवढ्यात तो खरा एक निसटेल. अमेरिकेत देशभरातल्या फोनच्या नोंदी गोळा करण्याचा कार्यक्रम २०१३ मध्ये उघड झाल्यावर तिथल्या सरकारी देखरेख मंडळाने जानेवारी २०१४ मध्ये अहवाल दिला. त्या कार्यक्रमामुळे दहशतवादाच्या एखाद्या तपासाच्या निकालात ठोस फरक पडला, असं एकही उदाहरण त्यांना मिळालं नाही.

मेव्हण्याच्या मतावर येतो. ते मला काकांच्या मतापेक्षा जास्त घातक वाटतं, कारण त्याने माणूस हात-पाय गाळून बसतो. फोन चोवीस तास बोलणं ऐकून कुठेतरी पाठवत असता तर बॅटरीच्या आणि डेटाच्या वापरात ते लपलं नसतं. जाहिराती मनातलं ओळखतात असं वाटतं, त्याला तुमचा शोध, तुमचं ठिकाण, तुमच्यासोबतच्या माणसांचे शोध एवढं पुरतं. पेगॅसससारखं पाळतीचं हत्यार खरं आहे आणि भयंकर आहे. व्हॉट्सॲपने २०१९ मध्ये ते बनवणाऱ्या इस्रायली कंपनीवर दावा लावला, त्यात सुमारे १,४०० फोनचा उल्लेख होता. हा आकडाच पुरेसा बोलका आहे. एकेक फोन निवडून, भरपूर पैसा ओतून ते करावं लागतं. एन्क्रिप्शन नसतं तर पैसा न ओतता सगळ्यांचंच ऐकता आलं असतं. सगळ्यांवर पाळत ठेवणं महाग पडणं, हाच एन्क्रिप्शनचा सामान्य माणसाला होणारा फायदा आहे, आणि तो मोठा आहे.

तरीही एन्क्रिप्शनने सगळं झाकलं जात नाही. कोण कोणाशी, किती वाजता, कुठून बोललं हे उघडंच राहतं. एनएसएचे माजी प्रमुख मायकेल हेडन यांनी २०१४ मध्ये जाहीरपणे सांगितलं की अशा नोंदींच्या आधारावर आम्ही माणसं मारतो. तपास यंत्रणा आंधळ्या झाल्या, हे म्हणणं म्हणूनच पुरतं खरं नाही. या नोंदी आपण स्वतःही उधळत असतो. स्ट्राव्हा या व्यायामाच्या ॲपने नोव्हेंबर २०१७ मध्ये लोकांच्या धावण्याच्या मार्गांचा झळकता नकाशा हौसेने प्रसिद्ध केला. जानेवारीत ऑस्ट्रेलियातल्या एका विद्यार्थ्याच्या लक्षात आलं की अफगाणिस्तान-सीरियासारख्या भागांतल्या अंधारात काही वाटा उजळून दिसताहेत. त्या लष्करी तळांवर रोज पळणाऱ्या सैनिकांच्या होत्या. कोणी काही फोडलं नव्हतं, मनगटावरच्या पट्ट्यांनीच तळ दाखवून दिले होते.

‘लपवण्यासारखं काही नाही’ याबद्दल मी एक अनुभव सांगतो. एक बाई फोन घेऊन आल्या होत्या. त्या कुठे जातात, कोणाशी बोलतात हे वेगळ्या राहणाऱ्या नवऱ्याला तासाभरात कळायचं. फोनमध्ये पाळतीचं ॲप निघालं. एकत्र राहत असताना पिन त्याला माहीत होता, ॲप घालायला पाच मिनिटं पुरली. त्या बाईंनी कोणताच गुन्हा केला नव्हता, त्यांना फक्त मुलांना घेऊन सुरक्षित राहायचं होतं. मी दहशतवादाच्या नावाने झालेले वाद ऐकतो तेव्हा त्यांचा चेहरा डोळ्यांसमोर येतो. फोनचं कुलूप रोजच्या रोज ज्यांच्यापासून वाचवतं ते चोर, भामटे, सूडाने पेटलेले नातेवाईक, आणि हे लोक घातपात करणाऱ्यांपेक्षा आपल्या कितीतरी जवळ असतात. आणि काकांच्या फोनमध्ये एकट्या काकांचं काही नसतं. बँकेचे ओटीपी, काकूंचे तपासणी अहवाल, नातवंडांचे फोटो, शंभर माणसांचे नंबर असतात. त्या सगळ्यांच्या वतीने ‘लपवण्यासारखं नाही’ असं म्हणायचा अधिकार त्यांना कोणी दिला?

घरातल्या इतर यंत्रांकडेही याच नजरेने बघा. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी ट्विटर, नेटफ्लिक्स यांसारख्या सेवा अमेरिकेत तासन्‌तास अडखळल्या, तेव्हा शत्रुराष्ट्राचा हल्ला म्हणून चर्चा रंगली. हल्ला झाला होता तो लोकांच्या घरचे कॅमेरे आणि रेकॉर्डर यांच्या फौजेकडून. ‘मिराई’ नावाचा प्रोग्राम कारखान्यातून आलेले साठेक ठरावीक पासवर्ड घालून बघायचा, आणि ते कोणी बदललेलेच नसायचे. मिराई मुळात लिहिणारे तिघे अमेरिकी तरुण निघाले. त्यांना माइनक्राफ्ट या खेळाच्या सर्व्हरच्या धंद्यातले प्रतिस्पर्धी पाडायचे होते. डिसेंबर २०१७ मध्ये त्यांचे कबुलीजबाब जाहीर झाले.

तेव्हा पुढच्या वेळी वाद निघाला की काकांचा फोन हातात घ्या, त्यांच्या परवानगीने. चार आकडी पिन असेल तर अक्षरं आणि आकडे मिसळून निदान सहा जागांचा करा. मघाच्याच ८० मिलिसेकंदांच्या हिशेबाने चार आकडे तेरा मिनिटांत संपतात, सहा आकडे बावीस तासांत, आणि लहान अक्षरं व आकडे मिळून सहा जागा भरल्या तर सगळे पर्याय तपासायला साडेपाच वर्षं लागतात. अडकून पडलेली अपडेट घाला. वॉनाक्रायच्या वेळी वाचले ते एवढ्यावरच वाचले. व्हॉट्सॲपचा बॅकअप वेगळा एन्क्रिप्ट करावा लागतो, ती सोय चालू करा आणि तिचा पासवर्ड कागदावर लिहून कपाटात ठेवा. दारावरच्या कॅमेऱ्याचा आणि राउटरचा कारखान्याचा पासवर्ड बदला. ईमेलला आणि बँकेला दुहेरी पडताळणी, म्हणजे पासवर्डसोबत आणखी एक खूण मागणारी सोय, लावा. हे करताना काका विचारतील की एवढं कशाला. तेव्हा त्या बाईंची गोष्ट सांगा, आणि मग चावीचा विषय पुन्हा काढा.